विश्रामची जीप

शिकारीला गाडी कोणती घ्यावी, यावर आमचा वाद मिटेना. पिकअप फार आवाज करते, नवी गाडी चिखलात रुतते. विश्रामची जुनी जीप मात्र ओढ्यातूनही निघायची. आमच्यातल्याच कुणीतरी त्याला डुक्कर समजून गोळी घातली, तेव्हा त्याचं प्रेत घरी आणलं तेही तिच्यातूनच. गोळी कुणाची, ते आम्ही विचारलं नाही.

शेवटी त्याच्या बायकोकडे मीच गेलो. टायर पाहिले, गिअर टाकून पाहिला. चुकून हात लागला आणि हॉर्न केवढ्याने तरी वाजला. सावज बिथरू नये म्हणून विश्रामने त्याची वायर कधीच तोडली होती.

“वहिनी, शिकारीच्या गाडीला हॉर्न कशाला?”

“मीच जोडून घेतला, भावोजी,” किल्ली देत त्या म्हणाल्या. “रानात वाजवत जा. माणूस कुठला, डुक्कर कुठलं, ते तरी कळेल.”