उंबरा नसलेली खोली

"आई, केबिन बघितलीस? दाराला उंबरा नाही, न्हाणीत धरायला दांडे. तुझी चाकाची खुर्ची कुठंच अडायची नाही," मधुसूदन म्हणाला. द्वारकाबाई म्हणूनच जहाजावर आल्या होत्या. घाटाचा रस्ता त्यांच्या पाठीला सोसत नव्हता, आणि त्यांना विजयदुर्गला राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, दोघींपैकी एक जाण्याआधी एकदा मिठी मारायची होती.

विजयदुर्गासमोर जहाज खोल पाण्यात थांबलं. किनाऱ्यावर न्यायला होडी लागली, पण शिडीवरच्या अधिकाऱ्याने हात आडवा केला. "सॉरी आजी. होडीत आपल्या पायांनी उतरता आलं पाहिजे. उचलूनही नेता येत नाही. नियम आहे."

"अरे, पूर्वी आगबोट अशीच लांब थांबायची," त्या म्हणाल्या. "किनाऱ्यावर नेणाऱ्या पडावातले खलाशी माझ्या लुळ्या आत्याला खांद्यावर टाकून न्यायचे. शिव्या देत, पण न्यायचे."

तो ओशाळून हसला. होडी भरून निघून गेली.

मधुसूदनने फोन लावून दिला. "अक्का, मला सोडत नाहीत गो."

 सकाळपासून धक्क्यावर येऊन बसलेली अक्का म्हणाली, "कठड्याशी ये. बघते तरी तुला."

द्वारकाबाईंनी खुर्ची कठड्याला भिडवली आणि हात उंच धरला. धक्क्यावरची माणसं मुंग्यांएवढी दिसत होती.

"दिसलीस गो! हिरव्या लुगड्यात अगदी आईच दिसतेस."

द्वारकाबाईंनी अंगावरच्या पांढऱ्या गाऊनकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "आईचंच नेसलेय."