वरच्या खोलीसाठी एकमत

मिकेलने खिडकी उघडली. कतेरिनाने ती बंद केली. दोघांना वैतागून पावेल स्वयंपाकघरातच जॅकेट चढवून बसला.

“हा म्हणे एक खंड!” कस्तुरी आमटीला फोडणी देता देता मराठीत पुटपुटली.

टेबलाशी बसलेला कबीर खुदकन हसला. कबीर लंडनच्या हॅरो भागात जन्मलेला. मँचेस्टरच्या या भाड्याच्या घरात तिचं मराठी कळणारा तो एकटाच.

मिकेल डेन्मार्कचा, कतेरिना ग्रीसची, पावेल पोलंडचा. फ्रिजच्या दारावर तिघांनी मिळून युरोपचा निळा झेंडा चिकटवला होता. आत मात्र ज्याचं त्याचं दूध, बाटलीवर ज्याचं त्याचं नाव.

“झेंडा एक आणि दुधं तीन,” कस्तुरी म्हणाली. “हे काय एक होणार, कपाळ!”

“टोटली,” कबीर त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला. “एक पिझ्झा ऑर्डर करायला पण यांचा भांडण होतो.”

पण आज तिला याच लोकांचं एकमत हवं होतं. वरची खोली रिकामी झाली होती. तिच्या मावसबहिणीच्या, निधीच्या, घरमालकाने घर विकलं होतं. शनिवारी निधीला बाहेर पडायचं होतं. तिच्या बॅगा भरून दाराशी उभ्या होत्या, सासर न ठरलेल्या लेकीसारख्या. आणि या घरात नवं माणूस घ्यायचं तर सगळ्यांचा होकार लागे. एक नकार आला की विषय संपला.

आठवडाभर तिने एकेकाला गाठलं होतं. मिकेलला सांगितलं, निधीला गार वारा आवडतो. कतेरिनाला सांगितलं, तिला थंडी मुळीच सोसत नाही. पावेलला सांगितलं, ती कुणाच्या भांडणात पडत नाही. तिघांनीही विश्वास ठेवला. बावळट कुठले! कबीरला काही सांगायची गरजच नव्हती.

“मला चालेल,” मिकेल म्हणाला.

“मलाही.” कतेरिनाने त्याच्याकडे न बघताच मान हलवली.

“येऊ दे की,” पावेल म्हणाला. “बिचारी जाईल कुठे?”

कस्तुरीला हसू आवरेना. “बघ, कसं गुंडाळलं एकेकाला!” ती कबीरला म्हणाली.

कबीर तिच्याकडे बघून हसला. मग तिघांकडे वळला आणि सगळ्यांना समजावं म्हणून इंग्रजीत बोलू लागला.

“सॉरी, माझा नकार आहे. तुम्ही भिडेपोटी बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. कस्तुरी एकटी होती तोवर ठीक होतं. पण शेवटी आपण युरोपियन आहोत. घर आपल्यासारखंच राहायला हवं.”