कोबाल्ट जागेवर आहे

त्या कंपनीत प्रत्येक सॉफ्टवेअर प्रकल्पाला एकेका मूलद्रव्याचं नाव दिलेलं होतं आणि कॅन्टीनच्या भिंतीवर त्या नावांचे रंगीत चौकोन ओळीने लावलेले होते. प्रकल्प बंद करायचं वर ठरलं, की आधी त्याचा चौकोन निघायचा आणि मागाहून त्यावरची माणसं. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर आर्गॉन गेला, मग झिंक, मग निकेल. डोरीन कोबाल्टवर होती. नवऱ्याचं डायलिसिस तिच्या याच नोकरीच्या विम्यावर चालायचं, म्हणून सकाळी अंगावरचा कोटही न काढता ती आधी भिंतीपाशी जायची.

"झाली का प्रार्थना?" शेजारच्या टेबलावरचा वेंडेल चिडवायचा.

"तुझं काय जातंय रे? तुझ्याही नावाने दोन शब्द टाकते मी."

या आठवड्यात एकही चौकोन हलला नाही. तरी दुपारीसुद्धा पाणी प्यायचं निमित्त करून ती भिंत बघून यायची. शुक्रवारी संध्याकाळीही कोबाल्ट जागेवर दिसला आणि तिचा जीव भांड्यात पडला. नोकरी शाबूत आहे, हे या खेपेला नवऱ्याला खोटं न बोलता सांगता येणार होतं.

"वेंडेल, टळलं बघ संकट. आठवडाभर भिंत जशीच्या तशी आहे."

वेंडेलने कॉफीचा कप खाली ठेवला.



"तुला कुणी सांगितलं नाही? चौकोन काढायचं काम ज्या लेनर्डकडे होतं, त्यालाच गेल्या शुक्रवारी घरी पाठवलं."