सातवा शनिवार

"पाणी लागू द्यायचं न्हाय. एवढं ध्यानात ठेव, बास."

बसाप्पानं सहा काडतुसं पितळी डबीत घातली आणि डबी बायकोच्या हातात दिली. गौराबाईनं ती देव्हाऱ्यात ठेवली. रात्री काडतुसं देवापाशी, सकाळी पुन्हा रिव्हॉल्वरमध्ये, असा नेमच पडला होता.

रिव्हॉल्वर मुठीएवढं, वजनालाही हलकं. कोपरीच्या आतल्या खिशात घातलं तर कळायचंही नाही. साठी ओलांडलेल्या गुळाच्या व्यापाऱ्यानं असलं काही घेऊन हिंडावं, याचं शाहूपुरीत एरवी हसू झालं असतं. आता कोणी हसलं नाही. त्याच्या श्रीशैलला भर बाजारात तिघांनी कोयत्यांनी तोडलं होतं, बापाच्या डोळ्यांदेखत. बाजार माणसांनी भरलेला होता, पण 'मी बघितलं' म्हणायला एकटा बापच पुढं आला. तिघंही जामिनावर सुटून गावात हिंडत होते आणि साक्षीला दोन महिने होते.

"नगा जाऊ साक्षीला," गौराबाई म्हणायची. "ल्योक गेला. आता तुमी बी..."

"म्या गप बसलो तर त्यो दोनदा मरंल, गौरा."

पोरगं गेल्यापासून तिला जगण्यात राम उरला नव्हता. आता म्हातारा तेवढा राहू दे, इतकंच तिचं देवाकडं मागणं होतं.

परवान्यावर काडतुसं मोजकीच मिळत. बसाप्पा एकदा दगडाच्या खाणीत जाऊन सहा झाडून आला. पहिल्या चार चुकल्या, तरी शेवटच्या दोन गोळ्या पत्र्याच्या डब्याला लागल्या. मग रोज सकाळी अंगणात रिकाम्या रिव्हॉल्वरनंच सराव. खटक. खटक. भाकरी थापताना तो आवाज कानावर आला की गौराबाईला धीर यायचा. सराव संपला की ती डबी नेऊन द्यायची. दर रविवारी तो शिलाई मशीनचं तेल घालून रिव्हॉल्वर पुसत बसे.

"तेलानंच लोखंड जगतंय बघ," तो म्हणायचा.

शेजारच्या बयाबाईनं एक दिवस तिला बाजूला घेतलं. "साडेसाती हाय तुमच्या घराला. सात शनिवार शनीला तेल घाल. त्यातलं उरलेलं आण, आन् नवऱ्याचा जीव ज्याच्या भरवशावर हाय, ते रातभर त्यात ठेव. कुणाला बोलायचं न्हाय. बोललं की नवस गेला."

रिव्हॉल्वर तर उशाखाली असायचं. डबी मात्र तिच्याच हातात होती.

सात शनिवार ती उपाशी राहिली. देवळातलं तेल डबीत ओतायची, रातभर डबी समईपुढं ठेवायची आणि पहाटे एकेक काडतूस पदरानं लख्ख पुसायची. पाण्याचा थेंबसुद्धा तिनं जवळ येऊ दिला नाही. नवऱ्याला यातलं काही कळलं नाही.

सातवा शनिवार पार पडला. रविवारी सकाळी तिनं डबी दिली, बसाप्पानं काडतुसं भरली आणि रिव्हॉल्वर कोपरीत ठेवलं. उद्या साक्ष. कित्येक महिन्यांनी तिला रात्री झोप लागली होती.

ती चुलीपुढं बसली. फाटकाची कडी वाजली. दूधवाला केरबा आला असेल.

खटक. खटक. खटक.

आज पुन्हा सराव? उद्याची काळजी लागली असेल बिचाऱ्याला. तिनं भाकरी उलटली.

खटक. खटक. खटक.

"गौरा!"

ती धावली तेव्हा तिघं फाटकाबाहेर पडत होते. बसाप्पा अंगणात पडला होता. अंगणभर रक्त होतं, आणि रिव्हॉल्वर अजून त्याच्या मुठीत होतं.

दुपारी फौजदारानं ते उघडलं. "सहाच्या सहा वेळा दाबलंय त्यांनी, मावशी. एक बी उडालं न्हाय."

"का वं?"

त्यानं सहाही काडतुसं पंचनाम्याच्या कोऱ्या कागदावर उभी करून ठेवली. प्रत्येकाखाली तेलाचा एकेक गोल डाग हळूहळू पसरत गेला.