पाच मिलिसेकंद

धान रोवताना आई, वच्छलाबाई, म्हणते ती गाणी घरच्या घरी रेकॉर्ड करायचीच, असा आमगावच्या भूपेंद्रने चंग बांधला. माइक कॉम्प्युटरला जोडणारा ऑडिओ इंटरफेस स्वस्त हवा, पण गाताना आपलाच आवाज हेडफोनमध्ये मागाहून यायला नको. आखाडभर त्याने व्हिडिओ पाहून पाहून पारख केली, दोन इंटरफेस मागवून परत धाडले. तिसऱ्यात तो उशीर पाच मिलिसेकंदांवर आला.

पोळ्याच्या सकाळी त्याने चुलीपाशीच माइक मांडला. "म्हण आई. आवाज आता जराबी मागं नाही राहत!"

वच्छलाबाईंनी झाऱ्यावरची करंजी निथळवली.

"रोवना सरला, बापू. आता गाना पुढच्या वर्सी. महिनाभर घरापुढच्या धानाच्या बांधीत गाऊन राहिली होती, तवा तू कानाले डबडे लावून बसला होता."