बोलायचा तास

सूपचा पहिला चमचा तोंडात जातो न जातो तोच घरमालकिणीने विचारलं, "आज दिवस कसा गेला?"

बाईंनी चमचा खाली ठेवला. हा प्रश्न रोज याच वेळी यायचा. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला घास भरवावा तसा. उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं, क्रियापद गिळायचं नाही. जेवताना तासभर स्पॅनिश बोलायचं, घरमालकिणीने चुका सुधारायच्या, हा उन्हाळी वर्गाचा नियमच होता. पाहुणी घरात बोलते की नाही हे घरमालकीण सांगणार, आणि त्यावर प्रमाणपत्र मिळणार.

बाईंची शाळा मायदेशात, समुद्रापलीकडे होती. अर्धं आयुष्य त्यांनी तिथे इंग्रजी शिकवलं होतं. आता शाळेला स्पॅनिश हवं होतं. "सुट्टीत शिकून या, म्हणजे नवीन माणूस शोधायला नको," मुख्याध्यापक म्हणाले होते. म्हणाले होते हसत, पण बाई हसल्या नव्हत्या. म्हणून या वयात ही परदेशवारी. सकाळी फीच्या बदल्यात इथल्या पोरांना इंग्रजी शिकवायचं आणि दुपारी त्याच वर्गात, त्याच बुटक्या बाकांवर गुडघे कोंबून स्वतः शिकायला बसायचं. दुपारची शिक्षिका त्यांच्या लेकीच्या वयाची होती. "पुन्हा म्हणा," ती गोड आवाजात सांगायची आणि बाई पुन्हा म्हणायच्या.

"आज दिवस..." बाईंनी सुरुवात केली.

पुढचा शब्द येईना. सकाळी ओरडून ओरडून घसा बसला होता. दुपारी भूतकाळाच्या रूपांनी डोक्याचा भुगा केला होता. आधी इंग्रजी शब्द यायचा, मग मराठी, आणि स्पॅनिश कुठेतरी मागे रेंगाळत राहायचा, नाव पुकारलं तरी 'हजर' न म्हणणाऱ्या पोरासारखा.

"चांगला गेला?" घरमालकिणीने आधार दिला. "दुपारी काय खाल्लं? कोण भेटलं?"

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. साठीला टेकलेली. दिवसभर लॉन्ड्रीत उभं राहून इस्त्री करायची, घरी आली की थेट स्वयंपाकाला लागायची. पायातले बूटही अजून काढलेले नव्हते. चेहऱ्यावर हसू होतं खरं, पण दुकान बंद करायच्या वेळी आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहून हसतात, तसं.

आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "आज बोलणं नको. कृपा करून. मी दमलो."

बोलून गेल्या आणि प्रमाणपत्र डोळ्यांपुढे आलं. सगळी सुट्टी त्यांनी नेटाने ओढत आणली होती, आणि आता शेवटी शेवटी ही अवदसा आठवली.

घरमालकिणीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. टेबलावर सांडलेला ब्रेडचा चुरा ती बोटाच्या टोकाने गोळा करत राहिली.

"दमले," ती म्हणाली.

बाईंना चूक कळली. पुरुषाचं रूप वापरलं होतं. अगदी पहिल्या आठवड्यातला धडा! त्यांचे कान तापले.

"दमले," त्या मुकाट्याने म्हणाल्या. "मी दमले."

"तसं नव्हे हो." घरमालकिणीने मान हलवली. "तुम्ही नाही. मी. मी दमले."

मग तिने वाकून बूट ओढून काढले, समोरची रिकामी खुर्ची जवळ घेतली आणि दोन्ही पाय तिच्यावर टाकले. घोटे चांगलेच सुजले होते. पायांकडे बघत ती बोलायला लागली. सावकाश नाही, सुटं सुटंही नाही. शब्दात शब्द अडकत होते, अर्धे तोंडातच राहत होते. बाईंना त्यातलं जेमतेम कळलं. इस्त्री. पाहुणे. एक गेला की दुसरा. 'दिवस कसा गेला, दिवस कसा गेला,' असं तिने स्वतःचीच नक्कल करत दोनदा म्हटलं, आणि पुढे एक असा शब्द जोडला, जो वर्गात कुणी शिकवला नव्हता.

तो काय असणार, हे मात्र बाईंना बरोबर कळलं. त्या फस्सकन हसल्या. घरमालकीणही हसली.

बाईंनी टेबलाखाली चपला सोडल्या. थंडगार फरशीवर तळवे टेकले तसा त्यांच्या तोंडून एक सुस्कारा निघाला. दोघी जेवू लागल्या. खिडकीत अजून ऊन होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा उगीचच वाजवत होतं. सूप निवलं होतं, तरी बाईंनी आज पहिल्यांदाच ते चवीने खाल्लं.

तेवढ्यात फोन वाजला. घरमालकिणीने नंबर पाहिला आणि भुवया उंचावल्या. "वर्गाचं ऑफिस," ती म्हणाली.

बाईंचा हात तोंडापाशीच थांबला.

घरमालकिणीने फोन कानाला लावला. पाय खुर्चीवरून हलवले नाहीत.

"हो, घरीच आहेत... जेवतोय आम्ही." पलीकडून काहीतरी लांबलचक विचारलं गेलं. ऐकता ऐकता तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर खाली घातली.

"अहो, बोलतात म्हणजे काय!" घरमालकीण म्हणाली. "आता गप्पाच तर रंगल्या होत्या आमच्या. तुम्ही मध्येच फोन केलात."

बाईंना शब्द न् शब्द कळला.

तिने फोन उपडा ठेवला, ब्रेडची टोपली बाईंकडे सरकवली आणि डोळे मिटून घेतले.