ताप उतरल्यावर

व्यसनमुक्ती केंद्रातून सुटल्यावरही रतन येरवड्याला समुपदेशक मॅडमकडे जायचा. मॅडम दारूबद्दल कमी आणि लहानपणाबद्दलच जास्त विचारायच्या.

“लहानपणी तुम्हाला जवळ कोण घ्यायचं?”

“ताप आला की आई कपाळावर हात ठेवायची. उतरला की तिची कामं असायची,” रतन म्हणाला. बसचा नंबर सांगावा तितक्या कोरडेपणाने.

घरी त्याची बायको, सत्यशीला, रोज संध्याकाळी दारातच त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरायची आणि नाक अगदी जवळ नेऊन तोंडाचा वास घ्यायची. शेजारीपाजारी बघायचे, तिला फिकीर नव्हती. रतन तसाच उभा राहायचा. घरी यायला मात्र त्याने कधी उशीर केला नाही.

मग एका संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती, ती उठलीच नाही. “अहो, हातपाय धुवून घ्या. आता वास-बिस काही घ्यायचा नाही. माझा विश्वास बसलाय तुमच्यावर.”

“बरं,” रतन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तो विश्रांतवाडीच्या चौकात उतरला. दारूच्या दुकानातून एक क्वार्टर घेतली, एक घोट तोंडात घोळवला, न गिळता थुंकून टाकला आणि बाकीची सगळी गटारात ओतली.



मग घराची बेल वाजवून, चेहरा जरा पुढे करून उभा राहिला.